शब्दाची ओळख : पुरातत्त्व

धार जिल्ह्यातील बाग येथे बौद्ध लेणी आहेत. त्याच परिसरात डायनोसॉरच्या अंड्यांचे जीवाश्मही सापडले आहेत. दोन्ही गोष्टी प्राचीन आहेत. पण लेणी हा पुरातत्त्वाचा विषय आणि अंडी हा जीवाश्मशास्त्राचा. कारण पुरातत्त्व शोध घेते तो माणसाचा: त्याने काय घडवले, काय वापरले आणि मागे काय टाकले, याचा.

'पुरा' म्हणजे पूर्वी. 'तत्त्व' हा शब्द तत् + त्व असा बनतो, म्हणून मराठीत त्याच्या जोडाक्षरात दोन 'त' येतात. हिंदी पाट्यांवर 'पुरातत्व' वाचायची आपल्याला सवय असते. मराठीत लिहिताना जपावे. इंग्रजीतील 'आर्किऑलॉजी' हा शब्द प्राचीन या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. या विषयाचा जाणकार तो पुरातत्त्वज्ञ, आणि जमीन शास्त्रीय पद्धतीने खणणे म्हणजे उत्खनन. जुन्या वाड्याला मात्र 'पुरातत्त्व' म्हणू नये. ती पुरातन वास्तू.

इतिहास आणि पुरातत्त्व यांत फरक काय? होळकरांच्या काळात, अठराव्या शतकात, मराठी कुटुंबे माळव्यात आली, हे आपण पत्रे आणि दप्तरे यांवरून जाणतो. पण त्याआधी तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे काय? तेव्हाचा एकही लेख येथे नाही. महेश्वरसमोर, नर्मदेच्या पलीकडच्या तीरावर, नावडाटोली येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकात उत्खनन केले. रंगीत नक्षीची खापरे, घरांच्या खुणा आणि जळालेले धान्य मिळाले. पुढे पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या सर्वांत खालच्या थरांतही माळवा पद्धतीची खापरे निघाली. म्हणजे माळवा आणि महाराष्ट्र यांचे नाते होळकरांहून कितीतरी जुने आहे, आणि त्याची साक्ष देतात ती खापरेच!

ही साक्ष खापराच्या जागेवर अवलंबून असते. ते कोणत्या थरात, कशाशेजारी होते, यावरून त्याचा काळ ठरतो. खिशात घालून घरी आणलेले खापर मुके होते. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, सहलीला गेल्यावर असे काही दिसले तर हात न लावता शिक्षकांना दाखवा. आपण न उचललेले खापर उद्या कदाचित आपल्याच पूर्वजांविषयी काही सांगेल.