गतिरोधक कोणाचा, जबाबदारी कोणाची?

शहरात एखाद्या वळणावर अपघात झाला, की दुसऱ्या दिवशी पहिली मागणी होते ती गतिरोधकाची. निवेदने दिली जातात, प्रसंगी रास्ता रोको होतो आणि कधी यंत्रणेकडून, तर कधी रहिवाशांच्याच पुढाकाराने रस्त्यावर डांबराचा किंवा सिमेंटचा उंचवटा उभा राहतो. हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, उंचवटा कोणत्या मापाने बांधला आणि त्यावरून उडून एखादा दुचाकीस्वार जायबंदी झाला तर उत्तर कोणी द्यायचे, हे प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत. वास्तविक वस्तीतील वेग आवरण्याचा विचार याच प्रश्नांपासून सुरू व्हायला हवा. हिंगोली जिल्ह्याचे उदाहरण त्या दृष्टीने बोलके आहे.

एका गावात चार मालक

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, वसमत व कळमनुरी येथे नगरपरिषदा, तर औंढा नागनाथ आणि सेनगाव येथे नगरपंचायती आहेत. १९६५ च्या नगरपरिषदा अधिनियमानुसार सार्वजनिक रस्ते बांधणे, त्यांची देखभाल करणे आणि त्यांवरील अडथळे दूर करणे ही या संस्थांची बंधनकारक कर्तव्ये आहेत. तथापि, शहराच्या हद्दीतून जाणारा प्रत्येक रस्ता त्यांच्या मालकीचा नसतो.

अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ जिल्ह्यातून कनेरगाव नाका, हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर या भागातून जातो. वारंगा फाट्यावर त्याला नागपूर-यवतमाळकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग मिळतो. हे मार्ग केंद्राच्या अखत्यारीत आहेत. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण रस्ते साधारणतः जिल्हा परिषदेकडे असतात. त्यामुळे एकाच गावातून फिरताना नागरिक नकळत चार यंत्रणांच्या रस्त्यांवरून जात असतो. त्यातच महामार्गाचे चौपदरीकरण होताना गावाबाहेरून वळणरस्ता काढला गेला, की गावातल्या जुन्या रस्त्याचे काय, हा प्रश्न उरतो. त्याचा ताबा आपोआप नगरपरिषदेकडे जात नाही. रीतसर हस्तांतरण व्हावे लागते. ते रेंगाळले, तर खड्डा बुजवण्यापासून पांढरा पट्टा मारण्यापर्यंत प्रत्येक कामात टोलवाटोलवी सुरू होते.

उंचवट्याचेही शास्त्र

भारतीय रस्ते परिषदेने गतिरोधकांसाठी १९८८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २०१८ मध्ये त्यांची जागा वेगनियंत्रणाच्या विस्तृत तत्त्वांनी घेतली. गोलाकार गतिरोधकाचे सर्वसाधारण माप ३.७ मीटर रुंदी आणि १० सेंटिमीटर उंची असे आहे. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला त्रास होऊ नये आणि त्याहून वेगाने जाणाऱ्याला तो जाणवावा, हे त्यामागील गणित होय. १९८८ च्या तत्त्वांनुसार त्यावर काळे-पांढरे पट्टे आणि ४० मीटर अलीकडे सूचनाफलक असणे अपेक्षित आहे. आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारे हातभर रुंदीचे टेंगूळ या व्याख्येत बसत नाही. असा अरुंद उंचवटा सावकाश जाणाऱ्या रुग्णवाहिकेलाही हादरा देतो आणि रात्रीच्या अंधारात अनोळखी दुचाकीस्वाराला सरळ खाली पाडतो.

ही भीती काल्पनिक नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१५ या एका वर्षात देशात गतिरोधकांशी संबंधित अपघातांत तीन हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर २०१६ मध्ये मंत्रालयाने राष्ट्रीय महामार्गांवरील गतिरोधक हटविण्याचे आदेश दिले. लहान रस्ता महामार्गाला मिळतो तेथे गतिरोधक लहान रस्त्यावर असावा, हे तत्त्व १९८८ पासूनचे आहे. फाट्याफाट्यावर गावे वसलेल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यात ते विशेष महत्त्वाचे ठरते.

वेग आवरण्याचे अन्य मार्ग

गतिरोधक हा अनेक उपायांपैकी केवळ एक उपाय आहे. शाळेसमोर रस्त्याच्या पातळीहून किंचित उंच केलेला पादचारी मार्ग, चौकात लहान वर्तुळ, वळणाची त्रिज्या कमी करणे, पदपथ रुंद करून वाहनांची पट्टी आक्रसणे अशा उपायांनी चालक आपसूक वेग कमी करतो. नेदरलँडमध्ये वस्तीतील गल्ल्यांना हा विचार लावला गेला आणि १९७६ मध्ये त्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. वेग दुप्पट झाला, की धडकेतील ऊर्जा चौपट होते. म्हणूनच पादचारी आणि वाहने एकत्र वावरतात तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असा आग्रह २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात धरण्यात आला. आपल्याकडे केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत नगरपालिका हद्दीतील मोटारींची कमाल मर्यादा ७० किलोमीटर आहे. ती स्थानिक गरजेनुसार कमी करण्याची तरतूद कायद्यात असली, तरी तिचा वापर मागणीशिवाय होत नाही. हळदीच्या हंगामात ट्रॅक्टरची रांग आणि शाळेच्या सायकली एकाच रस्त्यावर येतात, तेव्हा या मर्यादेचा अर्थ कळतो.

उत्तरदायित्वाचा बदलता कायदा

सुस्थितीतील रस्ते मिळणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम १९८-अ नुसार रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल निकषांनुसार न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. खड्डे अथवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये, तर जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी आणि ती रक्कम दोषींकडून वसूल करावी, असा हा आदेश आहे. त्यात सदोष गतिरोधकाचा उल्लेख नाही. मात्र कलम १९८-अ मधील निकषांची अट त्यालाही लागू पडू शकते.

नागरिकांनी काय करावे?

आपल्या भागात वेग धोकादायक वाटत असेल, तर प्रथम रस्त्याचा ताबा कोणाकडे आहे, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारावे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तरी तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करणे बंधनकारक आहे. त्यानंतर मागणी जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे न्यावी. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील या समितीत पोलीस, परिवहन आणि बांधकाम हे विभाग एकत्र बसतात. निवेदनात केवळ ‘गतिरोधक द्या’ असे न लिहिता अपघाताची जागा, वेळ आणि वाहनाचा प्रकार नोंदवावा; उपाय कोणता, हे अभियंत्याला ठरवू द्यावे, पण ते मापात आणि सूचनाफलकासह होते आहे का, यावर लक्ष ठेवावे. रात्रीतून घातलेल्या उंचवट्याला कोणी मालक नसतो आणि त्यावर पडणाऱ्याला दाद मागायची, तर दार सापडत नाही.