‘कितवा कोर्स?’ : एनडीए सुटते, कोर्स सुटत नाही

गावातल्या पारावर दोन माजी सैनिक पहिल्यांदा भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कुठली पलटण?’ पलटण जुळली की मग चहा, मग गाव आणि मग ओळखीपाळखी. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, म्हणजे आपल्या एनडीएतून, बाहेर पडलेल्या अधिकाऱ्यांचंही असंच आहे. फक्त त्यांचा प्रश्न वेगळा असतो : ‘कितवा कोर्स?’

हवेली तालुक्यातली ही प्रबोधिनी आपल्यापैकी अनेकांनी बाहेरूनच पाहिलेली असते. पण आता भोर, पुरंदर, जुन्नरकडची पोरंपोरीही या परीक्षेची तयारी करू लागली आहेत. त्यामुळं तिथं तयार होणारं हे नातं नेमकं काय असतं, ते समजून घ्यायला हवं.

कोर्स म्हणजे काय?

एनडीएत वर्षातून दोनदा नवी तुकडी दाखल होते आणि प्रत्येक तुकडीला क्रमांक मिळतो. तोच ‘कोर्स’. प्रशिक्षण तीन वर्षांचं, म्हणजे सहा टर्मचं. कॅडेट 18 स्क्वाड्रनमध्ये विभागलेले असतात. अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी त्यांची नावं. त्यामुळं माजी कॅडेटची ओळख दोन शब्दांत होते : कोर्सचा क्रमांक आणि स्क्वाड्रन. आडनाव, राज्य, भाषा हे सगळं नंतर.

या तीन वर्षांत ‘रगडा’ सगळ्यांच्या वाट्याला येतो. रगडा म्हणजे शिक्षा म्हणून करून घेतलेली अंगमेहनत. चूक एकाची आणि फ्रंट रोल सगळ्यांचे, हे नेहमीचंच. शिक्षा म्हणून सिंहगड चढून आल्याच्या गोष्टी तर जुने कॅडेट सत्तरीतही रंगवून सांगतात. सोबत्याला मागं टाकून एकट्यानं पुढं जाता येत नाही, हे तिथं पुस्तकातून नाही, अंगातून शिकवलं जातं.

तीन दलं, एक कोर्स

दीक्षान्त संचलनाच्या शेवटी बाहेर पडणारा कोर्स संथ पावलांनी ‘अंतिम पग’ ओलांडतो. तिथून वाटा वेगळ्या होतात. लष्कराचे कॅडेट डेहराडूनला, नौदलाचे केरळात एळिमलाला, हवाई दलाचे हैदराबादजवळ दुंडीगलला जातात. पण कोर्स एकच राहतो.

स्थापनेमागचा विचारच तो होता. दुसऱ्या महायुद्धात तिन्ही दलांना एकमेकांवाचून चालत नाही हे दिसलं होतं. म्हणून भावी अधिकाऱ्यांना कोवळ्या वयातच एकत्र वाढवायचं ठरलं. 1949 मध्ये डेहराडूनला ‘जॉइंट सर्व्हिसेस विंग’ सुरू झाली आणि 1955 च्या जानेवारीत खडकवासल्याच्या प्रबोधिनीचं रीतसर उद्घाटन झालं.

याचं फळ पुढं दिसलं. 1991 मध्ये जनरल एस. एफ. रॉड्रिग्ज, ॲडमिरल एल. रामदास आणि एअर चीफ मार्शल एन. सी. सुरी हे तिन्ही दलप्रमुख त्या पहिल्याच कोर्सचे होते. 2019 च्या अखेरीस पुन्हा तसंच झालं. जनरल मनोज नरवणे, ॲडमिरल करमबीर सिंग आणि एअर चीफ मार्शल आर. के. एस. भदौरिया हे तिघंही 56 व्या कोर्सचे कोर्समेट.

परत येण्याची रीत

बाहेर पडून 25 आणि 50 वर्षं झाली की कोर्स प्रबोधिनीत परत येतो. पांढऱ्या केसांची माणसं आपल्या जुन्या स्क्वाड्रनमध्ये जातात, आपली खोली शोधतात, तिथल्या पोरांशी गप्पा मारतात. एका टर्मनं वरचा असलेला खासगीत अजूनही ‘सर’च असतो, मग दोघंही निवृत्त का असेनात.

पण हसण्याखिदळण्याआधी सगळे एका ठिकाणी जातात : ‘हट ऑफ रिमेंबरन्स’. कॅडेटांनी श्रमदानातून बांधलेली ही वास्तू. सेवेत प्राण दिलेल्या माजी कॅडेटांची नावं इथं आहेत. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आणि कॅप्टन मनोजकुमार पांडे हे परमवीर चक्राचे तीन मानकरी एनडीएचेच. यातले खेत्रपाल ‘पूना हॉर्स’ या रणगाडा रेजिमेंटचे. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत ते धारातीर्थी पडले, तेव्हा वय अवघं 21. ज्या मैदानावर आज दीक्षान्त संचलन होतं, त्याला त्यांचंच नाव आहे. पुष्पचक्र वाहताना कोर्समेट नुसतं नाव वाचत नाहीत, त्यांना त्या नावाचा चेहरा आठवत असतो.

खरी परीक्षा नंतर

मेळावे, फोटो, टाय हे झालं वरवरचं. कोर्सचं नातं कसोटीला लागतं ते घरावर संकट आल्यावर. जवान गेला की पलटण घराशी उभी राहते, हे आपल्या गावांनी पाहिलंय. अधिकारी गेला तर पलटणीबरोबर कोर्सही येतो. पेन्शनची फाईल, मुलांचं शिक्षण, म्हाताऱ्या आईवडिलांचा दवाखाना, अशा कामांत कोणीतरी कोर्समेट लक्ष घालतो. सरकारी मदत कागदावर मिळते, पण तो कागद हलवायला आपलं माणूस लागतं.

प्रशिक्षणातच जायबंदी झालेल्यांचा प्रश्न मात्र जास्त अवघड आहे. कमिशन मिळण्याआधीच घरी परतावं लागल्यानं त्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कॅडेटांची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर संरक्षण मंत्रालयानं त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेतलं. मैत्रीनं धीर मिळतो, पण औषधाचं बिल आयुष्यभर भरायला नियमच लागतो. पोरगं पाठवणाऱ्या आईबापांनी ही बाजूही माहीत करून घ्यावी.

आता मुलीही

30 मे 2025 रोजी 148 व्या कोर्ससोबत 17 मुली प्रबोधिनीतून बाहेर पडल्या. मुलींची ही पहिलीच तुकडी. त्यांचा कोर्स वेगळा नाही, क्रमांक तोच. पुढं पन्नास वर्षांनी 148 वा कोर्स परत येईल, तेव्हा त्यात आज्याही असतील.

प्रवेशासाठी यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा होते. बारावीला बसलेल्यांनाही ती देता येते. तयारीसाठी राज्य शासनाच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहेत : मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला, मुलींसाठी नाशिकला. गावात किंवा शेजारच्या गावात कोणी निवृत्त अधिकारी असतील, तर पोरांना त्यांच्याकडं जरूर पाठवा. बोलायला सुरुवात कशी करायची, असा प्रश्न पडला तर एवढंच विचारायचं : ‘साहेब, तुमचा कितवा कोर्स?’ पुढचं ते स्वतःच सांगतील.