मन खचतं तेव्हाची प्रार्थना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आजारपण, कर्ज, घरातला मृत्यू, नोकरी जाणं, अशी संकटं एकापाठोपाठ येऊन आदळली की ख्रिस्ती घरात भेटायला येणारी माणसं दोन गोष्टी हमखास बोलतात. एक, ‘प्रभूवर विश्वास ठेव, काळजी करू नको.’ आणि दुसरी, ‘देव झेपेल तेवढंच ओझं देतो.’ बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण ऐकणारा त्यातून तिसराच अर्थ काढतो: मला हे झेपत नाही, म्हणजे माझाच विश्वास उणा पडला. आधीच खचलेल्या माणसाच्या माथी हा अपराध मारायला बायबलमध्ये कुठेही आधार नाही. उलट खचलेल्या माणसांच्या प्रार्थना बायबलने जितक्या मोकळेपणाने जपल्या आहेत, तितक्या मोकळेपणाने आपण त्या चर्चमध्ये ऐकूनही घेत नाही.

‘खरा विश्वास असेल तर माणूस खचत नाही’

या समजाला एलीयाची गोष्ट पुरेशी आहे. ती १ राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. कर्मेल डोंगरावर बाल या दैवताच्या संदेष्ट्यांसमोर एलीयाने मोठा विजय मिळवला. लगेच ईजबेल राणीचा निरोप आला, तुझा जीव घेईन. हा धाडसी संदेष्टा जीव घेऊन बैर-शेब्यापर्यंत पळाला. चाकराला तिथेच ठेवलं आणि एकटाच दिवसभर रानात चालत गेला. एका झुडपाखाली बसून त्याने देवाकडे मरण मागितलं.

पुढे जे घडतं ते फार बारकाईने वाचण्यासारखं आहे. देव त्याला रागवत नाही, उपदेश करत नाही, विश्वासाची आठवणही करून देत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला हलवून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई असते. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो आणि पुन्हा खायला लावतो, कारण पुढची वाट त्याच्या ताकदीबाहेरची आहे, हे देवाला ठाऊक आहे. म्हणजे झोप आणि अन्न आधी, तेही दोनदा. होरेब डोंगरापर्यंतचा चाळीस दिवसांचा प्रवास आणि देवाशी बोलणं त्यानंतर.

होरेबवर एलीया आपलं गाऱ्हाणं मांडतो: मी एकटाच उरलो आहे. थोड्या वेळाने तेच गाऱ्हाणं जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा सांगतो. देव दोन्ही वेळा ऐकून घेतो. मग त्याला काम देतो, अलीशा नावाचा सोबती देतो आणि इस्राएलात बालापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक अजून आहेत, हेही सांगतो. खचलेल्या माणसाला आपण जगात एकटेच आहोत असं वाटतं, आणि ते खरं नसतं. बायबल हे त्याला सांगतं खरं, पण त्याचं जेवण आणि झोप झाल्यावर, त्याचं पूर्ण ऐकून घेतल्यावर.

मोशेचंही तेच. गणना, अध्याय ११ मध्ये लोकांच्या रोजच्या कुरकुरीने वैतागून तो देवाला म्हणतो की एवढ्या लोकांचा भार मला एकट्याला पेलत नाही, त्यापेक्षा मारून टाक. देव त्याला आणखी खंबीर व्हायला सांगत नाही. भार वाटून घ्यायला सत्तर वडीलधारी माणसं नेमायला सांगतो. यिर्मया आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो. अशा प्रार्थनेमुळे या तिघांच्याही विश्वासावर कुणी शंका घेतलेली नाही.

‘देव झेपेल तेवढंच ओझं देतो’

हे वाक्य या शब्दांत बायबलमध्ये नाही. ते १ करिंथ १०:१३ या वचनावरून आलं असावं. तिथे पौल करिंथच्या मंडळीला मूर्तिपूजेच्या मेजवान्या आणि व्यभिचाराच्या मोहाबद्दल सावध करतो आहे. त्याचं म्हणणं असं की मोह तुमच्या ताकदीपलीकडे जाऊ दिला जाणार नाही, त्यातून निसटायची वाट देव ठेवेल. विषय पापाच्या मोहाचा आहे. दुःखाच्या ओझ्याचं माप तिथे कुणी सांगितलेलं नाही.

त्याच करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौल स्वतःविषयी लिहितो. आशिया प्रांतात आमच्यावर शक्तीबाहेरचा भार पडला, जिवाची आशाही उरली नव्हती, असं तो मोकळेपणाने सांगतो. ओझं झेपलं नाही हे प्रेषिताने स्वतः कबूल केलं आहे. त्यातून तो काय शिकला तेही त्याने लिहून ठेवलं आहे: स्वतःवर नव्हे, तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भिस्त ठेवायला. ‘झेपेल तेवढंच’ म्हणणारा माणूस भिस्त शेवटी स्वतःच्या ताकदीवरच ठेवतो. पौलाची शिकवण याच्या नेमकी उलट आहे.

‘देवाकडे तक्रार करणं म्हणजे पाप’

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. त्यांतली एक तृतीयांशाहून अधिक विलापाची आहेत, म्हणजे संकटातल्या माणसाने किंवा लोकसमूहाने देवापुढे मांडलेली गाऱ्हाणी. स्तुतिस्तोत्रांपेक्षाही त्यांची संख्या मोठी आहे. तेराव्या स्तोत्रात तर सुरुवातीच्या दोनच वचनांत, हे किती काळ चालायचं, असा प्रश्न देवाला चार वेळा विचारलेला आहे.

बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे आशेवर येतात. स्तोत्र ८८ मात्र येत नाही. हेमान एज्राही याच्या नावावर असलेलं हे स्तोत्र रात्रंदिवस केलेल्या धाव्याने सुरू होतं, कबरेच्या काठावर पोचतं, देवानेच आपल्याला खोल गर्तेत टाकल्याचं सांगतं आणि मित्र दुरावल्याच्या, अंधाराच्या उल्लेखावर संपतं. आभार नाहीत, सुटका नाही. तरीही ज्यूंनी आणि ख्रिस्ती लोकांनी ते काढून टाकलं नाही. कॅथलिक चर्चच्या दैनंदिन प्रार्थनाविधीत दर शुक्रवारी झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेसाठी हेच स्तोत्र नेमलेलं आहे. शुक्रवार हा येशूच्या मरणाचा दिवस. आठवड्यातून एकदा जगभरचे धर्मगुरू आणि सिस्टर्स हा उपाय नसलेला आकांत मुखाने म्हणतात, मग स्वतःचा दिवस बरा गेलेला असो वा वाईट. मला यात फार मोठं शहाणपण दिसतं. ज्याला आज अशी प्रार्थना म्हणावीशी वाटते, त्याच्या आधी ती कुणीतरी म्हणून ठेवली आहे.

विलापगीत हे अख्खं पुस्तक यरुशलेमच्या विध्वंसावरचा शोक आहे. पाच अध्याय, त्यांतले पहिले चार इब्री वर्णमालेच्या २२ अक्षरांच्या क्रमाने बांधलेले. देवाची दया रोज सकाळी नवी असते, या अर्थाची त्यातली वचनं कॅलेंडरवर छापलेली दिसतात. ती पुस्तकाच्या मधोमध, तिसऱ्या अध्यायात येतात. त्यांच्या मागेपुढे भूक, मृत्यू आणि राख आहे, आणि पुस्तकाचा शेवटही देवाने आपल्याला कायमचं टाकलं की काय, या शंकेवर होतो.

मराठी बायबलच्या इतिहासातही हा शोक परका नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ इब्री आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, खेड्यातल्या साध्या बायकांना कळावं अशा भाषेत. दुष्काळात आईवडील गमावलेली, पुढे भाऊ आणि मग १८८२ साली पटकीने नवरा गमावलेली ही बाई. भाषांतर अखेरच्या टप्प्यात असताना १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई स्वतः गेल्या. ही सगळी विलापस्तोत्रं अशा बाईच्या हातूनही मराठीत उतरली आहेत.

ईयोबाच्या पुस्तकाने तर तक्रारीच्या प्रश्नावर निवाडाच दिला आहे. ईयोबाचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. ते त्यांनी बरोबर केलं. मग ते बोलायला लागले: तुझं काहीतरी चुकलंच असणार, देव न्यायीच आहे. ईयोब भांडला, देवाला जाब विचारत राहिला. शेवटच्या अध्यायात देवाचा राग मित्रांवर निघतो आणि ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला, असं देव म्हणतो. सांत्वनाला जाणाऱ्या प्रत्येकाने ईयोब ४२:७ आधी वाचून जावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि क्रुसावर? मार्क आणि मत्तय या दोन्ही शुभवर्तमानांत येशूच्या तोंडी बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात आहे. देवाने सोडून दिल्याची तक्रार करणाऱ्या माणसाचा तो हंबरडा आहे.

‘काळजी करू नका ही आज्ञा आहे, म्हणजे काळजी वाटणं हीच चूक’

फिलिप्पै ४:६ हे वचन बहुतेक ख्रिस्ती माणसांना पाठ असतं. ते पौलाने कैदेतून लिहिलं, हेही अनेकांना माहीत असतं. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायाकडे मात्र कमी लक्ष जातं. एपफ्रदीत नावाचा सहकारी मरता मरता वाचला होता. तो गेला असता तर माझ्यावर दुःखावर दुःख कोसळलं असतं, असं पौल तिथे लिहितो. त्याला तुमच्याकडे पाठवतो म्हणजे माझाही घोर कमी होईल, असंही म्हणतो. करिंथकरांना तर त्याने सरळ कळवलं आहे की सगळ्या मंडळ्यांची चिंता मला रोज छळते.

म्हणजे काळजी करू नका म्हणणाऱ्यालाही काळजी वाटत होती. त्याने मार्ग सांगितला तो ती काळजी देवापुढे मांडण्याचा, विनवणीने, आभार मानत. मन दाबून कोरडं करण्याचा मार्ग त्याने सांगितलेला नाही. आणि मांडायचं तर आधी नाव घेऊन बोलावं लागतं: हप्ता थकलाय, रिपोर्टची भीती वाटते, पोराशी बोलणं तुटलंय.

‘प्रार्थना नीट शब्दांत, नवी, लांबलचक हवी’

मन सुन्न झालं की शब्दच फुटत नाहीत. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्माच शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. तेव्हा मुकं बसून राहणं, रडणं हीदेखील प्रार्थनाच.

तेच तेच म्हणण्याबद्दल मत्तय ६:७ चा दाखला दिला जातो. तिथे आक्षेप आहे तो भरमसाट शब्दांनी देव ऐकेल या समजुतीवर. त्याच मत्तयाच्या २६ व्या अध्यायात गेथशेमाने बागेत येशू तीनदा तीच प्रार्थना करतो. म्हणून रोझरी म्हणणाऱ्या आजीला किंवा एकच ओळ दिवसभर पुटपुटणाऱ्याला कुणी कमी लेखू नये. गेथशेमानेतली आणखी एक गोष्ट सुटू नये: येशूने त्या रात्री आपल्या तीन शिष्यांना जवळ थांबून जागं राहायला सांगितलं. त्यालाही सोबत हवी होती. आणि दुःखाचा जो प्याला टळावा म्हणून त्याने विनवलं, तो टळला नाही.

‘योग्य वचन म्हटलं की संकट टळतं’

देवाच्या रक्षणाचं वचन असलेलं स्तोत्र ९१ गाडीत, दारावर, उशीखाली ठेवणारी पुष्कळ घरं आहेत. ते प्रेमाने ठेवावं, पण त्याचं ताईत करू नये. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात मंदिराच्या टोकावर उभ्या असलेल्या येशूला उडी मार म्हणताना सैतान याच स्तोत्राचा आधार देतो. येशू नकार देतो.

यिर्मया २९:११ चंही असंच होतं. देवाच्या मनात आपल्या भल्याच्या योजना आहेत, हे वचन परीक्षा, मुलाखत, ऑपरेशन सगळ्यांसाठी पाठवलं जातं. मूळ पत्र बाबेलमध्ये बंदिवासात असलेल्या लोकांना आहे आणि त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. ते ऐकणाऱ्या बहुतेकांना सुटका दिसणार नव्हती. तोवर घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, त्या परक्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं यिर्मया कळवतो. लांबलेल्या संकटात असलेल्या माणसाला हा पूर्ण अध्याय त्या एका वचनापेक्षा अधिक धीर देईल.

‘प्रार्थना करणाऱ्याला डॉक्टर कशाला?’

हिज्कीया राजा मरणपंथाला लागला. त्याने प्रार्थना केली, ती ऐकली गेली आणि यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितलं. लूक वैद्य होता. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. मिरजेत १८९४ पासून डॉ. वानलेस यांनी उभं केलेलं मिशन हॉस्पिटल प्रार्थना आणि शस्त्रक्रिया दोन्हींवर विश्वास ठेवणाऱ्यांनीच चालवलं.

मनाच्या आजाराला वेगळा नियम लावायचं कारण नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, तर पाळकांशी किंवा फादरांशी बोलावंच, पण डॉक्टरांकडेही जावं. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. आत्महत्येने गेलेल्या माणसाच्या घरच्यांना ‘तो नरकात गेला’ म्हणणाऱ्यांनी कॅथलिक चर्चचा १९९२ चा धर्मशिक्षण-ग्रंथ (कॅटेकिझम) वाचावा. तीव्र मानसिक यातना माणसाची जबाबदारी कमी करू शकतात, आणि अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे.

केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. स्वतःला फोन लावायची ताकद नसेल, तर घरातल्या कुणाला तरी लावायला सांगावा आणि तो बोलत असताना शेजारी बसावं.