धानाच्या बांधीतला खेकडा आणि खाडीतली चिंबोरी: फरक काय, धोका कशात?

पावसाळा सुरू झाला की गोंदिया जिल्ह्यात धानाच्या धुऱ्यांवरील बिळांतून खेकडे बाहेर येतात आणि घरोघरी रस्सा शिजतो. पण हा खेकडा म्हणजे कोकणातली चिंबोरी नव्हे.

फरक काय?
खारफुटीच्या चिखलात राहणारी चिंबोरी अंडी सोडायला समुद्राकडे जाते. गोड्या पाण्यातली मादी अंडी पोटाखाली सांभाळते. त्यांतून थेट इवलेसे खेकडेच बाहेर पडतात. म्हणूनच समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरही ते टिकतात.

धोका कशात?
गोड्या पाण्यातल्या खेकड्यात 'पॅरागोनिमस' हा चपटा कृमी असू शकतो. खेकडा कच्चा किंवा अर्धवट भाजून खाल्ल्यास तो माणसाच्या फुप्फुसात पोहोचतो. खोकला, थुंकीतून रक्त ही लक्षणे क्षयरोगासारखी असल्याने निदान चुकू शकते. भारतात असे रुग्ण प्रामुख्याने ईशान्येकडील राज्यांत आढळले आहेत. औषधाने हा आजार बरा होतो.

काय काळजी घ्याल?
• खेकडा आतपर्यंत पूर्ण शिजवा.
• कच्चा खेकडा कुटल्यावर पाटा, सुरी, हात धुवा.
• थुंकीतून रक्त पडल्यास खेकडे खाल्ल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.
• पोटाखाली अंडी-पिल्ले असलेली मादी सोडून द्या.