इन नदी ते हाफेलेकार: एका उभ्या वाटेचा दिवस

पहाटे पाच

जून संपत आला की ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला सव्वापाचच्या सुमारास सूर्योदय होतो, पण शहर दरीत असल्यामुळे गल्ल्यांमध्ये ऊन उशिरा उतरतं. इन नदीच्या पुलापाशी, मारियाहिल्फच्या रंगीत घरांसमोर, या वेळी डोंगरात धावायला निघालेले दोघं-तिघं बुटांच्या नाड्या आवळताना दिसतात. पाठीला चिकटून बसणारी छोटी पिशवी, तिच्यात पाणी, वाऱ्याचं जाकीट आणि फोन. यांतल्या बहुतेकांना नऊ वाजता कामावर हजर व्हायचं असतं. डोंगर गाठायला इथे गाडी काढावी लागत नाही. पूल ओलांडला, चार घरं मागे टाकली की चढण सुरू.

चढण किती, ते आधी सांगून टाकतो. शहराची उंची ५७४ मीटर, नॉर्डकेटे रांगेतल्या हाफेलेकार शिखराची २३३४. मधे १७६० मीटर, आणि पुलापासून शिखरापर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर साधारण पाच किलोमीटर. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे किनाऱ्यावरून निघून कळसूबाई गाठलं, तरी एवढी चढाई होत नाही.

सहा

हुंगरबुर्ग, ८६० मीटर. शहराची ही वरची वस्ती. इथवरचा रस्ता पायऱ्यांचा, गल्ल्यांचा आणि झाडीतला. नोकरीवाले बहुधा इथूनच, फार तर आर्त्सलर आल्मच्या कुरणाला वळसा घालून, परत फिरतात. त्यांना कमी समजू नये. आठवड्यातून चार दिवस हे करणारा माणूस रविवारी शिखरावर पाहुण्यासारखा जात नाही.

सात

आता बीच आणि स्प्रूसचं जंगल, मुळांनी विणलेली वाट, आणि चढ असा की समोरच्याच्या टाचा आपल्या नाकासमोर. इथे धावणं थांबतं. धावण्याच्या वाटेवर चालायचं कसं, असं नवख्याला वाटतं. पण उतार एका मर्यादेपलीकडे उभा झाला की त्याच वेगाने चालायला धावण्यापेक्षा कमी शक्ती लागते, हे शरीरशास्त्र. मुरलेली माणसं तळहात मांड्यांवर टेकवून, पाठीत वाकून, लहान पावलं टाकत जातात. कुणी दोन काठ्या घेऊन हातांनाही कामाला लावतं. बघायला यात काहीच देखणं नाही. इन्सब्रुक आणि शेजारच्या श्टुबाई खोऱ्यात २०२३च्या जूनमध्ये डोंगरी धावण्याची जागतिक स्पर्धा झाली. तिथल्या उभ्या शर्यतीतही मांड्यांवर हात ठेवून चढणारे कमी नव्हते.

वाटेच्या खुणाही इथून बदलतात. पिवळ्या पाट्यांवर लाल ठिपका म्हणजे मध्यम अवघड वाट, काळा म्हणजे अवघड. पाय घसरला तर थेट खाली, असे टप्पे काळ्यावर असू शकतात. पाटीवर अंतर लिहिलेलं नसतं, वेळ लिहिलेली असते. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. उभ्या डोंगरात किलोमीटर विचारण्यात अर्थच नाही.

साडेआठ

डोक्यावरून केबलकारचा पहिला डबा सरकतो. हा पाळणा १९२८चा; त्याची स्थानकं फ्रान्त्स बाउमान या तिरोलच्या वास्तुविशारदाने बांधली, आणि ती त्या उतारावर आजही शोभतात. शहरातून हुंगरबुर्गला येणाऱ्या नव्या रेल्वेची, वितळलेल्या बर्फासारखी दिसणारी, स्थानकं झाहा हदीदची, २००७ची. वर जाणाऱ्या पहिल्या डब्यांत प्रवाशांआधी पाव, दूध आणि कामगार असतात.

धावणारे या सुमारास झेग्रुबेला पोचतात, १९०५ मीटरवर. सह्याद्रीच्या भाषेत हा पदर. झाडं मागे राहिलेली. वरच्या उतारावर पोलादी कुंपणांच्या रांगा दिसतात, त्या हिमकडे रोखण्यासाठी. शहर थेट खाली असल्याने त्या हौसेखातर लावलेल्या नाहीत. हिवाळ्यात इथून पुढची धाव बंदच. जूनमध्येही सावलीतल्या नाळेत जुना बर्फ कडक होऊन बसलेला असतो, आणि धावायच्या बुटांनी त्याच्यावर पाय ठेवणं हा निव्वळ मूर्खपणा.

दहा

शेवटचा टप्पा चुनखडीच्या घसाऱ्याचा. वाट नागमोडी, दगड सुटे, दम छातीत मावत नाही. शिखरावर काळे, पिवळ्या चोचीचे डोंगरकावळे तुमच्या खाऊवर लक्ष ठेवून बसलेले. उत्तरेला कार्वेन्डेलच्या रांगांमागून रांगा, माणसाची वस्ती जवळपास नाही. दक्षिणेला पायाखाली अख्खं शहर, विमानतळासकट. एकाच धारेच्या दोन बाजूंना एवढा फरक मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

जवळच एक साधी छोटी प्रयोगशाळा आहे. बहुतेक जण तिच्याकडे न बघताच पुढे जातात. १९१२मध्ये बलूनमधून उंच जाऊन वैश्विक किरणांचा शोध लावणाऱ्या व्हिक्टर हेस यांनी १९३१मध्ये ती इथे सुरू केली. किरण मोजायला उंची हवी, आणि रोज वर यायला पाळणा तयारच होता. १९३६मध्ये त्यांना नोबेल मिळालं. 

बारा

झेग्रुबेच्या गच्चीवर किंवा खालच्या एखाद्या आल्मवर, म्हणजे कुरणातल्या खानावळीत, कास्प्रेसक्नोडल: चीज घातलेली, चपटी तळलेली पावाची टिक्की, गरम रश्श्यात. गेलेलं मीठ असं परत येतं. खाली शहरात याच वेळी आपल्याकडच्या सहलींच्या बस थांबतात, सोनेरी छतासमोर फोटो निघतात आणि तासाभरात जवळच्या वाट्टेन्स गावातल्या स्फटिकांच्या प्रदर्शनाकडे प्रस्थान होतं. मान वर केली तर डोंगर दिसतो. बहुतेकांना तेवढीच सवड मिळते.

दोन

दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा तास हाच. सकाळपासून तापलेली हवा वर चढते, धारेवर ढग फुगू लागतात आणि उन्हाळी दुपारी तासाभरात वीज कडाडते. धारेवर तुम्हीच सगळ्यात उंच. म्हणून जाणकार माणसं एकच्या आत धार सोडतात, आकाश निळं असलं तरी. दुसरं संकट फ्योनचं. ब्रेनर खिंडीवरून उतरणारा हा कोरडा, उबदार दक्षिणी वारा जोरात सुटला की पाळणा बंद होतो. ज्याने परतीचा हिशेब पाळण्यावर ठेवला, त्याला मग थकलेल्या मांड्यांनी सगळा उतार पायी उतरावा लागतो.

अपघात असेच होतात: चढताना क्वचित, उतरताना जास्त. डोंगरी बचावासाठी ऑस्ट्रियाचा क्रमांक १४०, आणि येणारे बहुतेक जण स्वयंसेवक, आपापली कामं टाकून आलेले. हेलिकॉप्टर मात्र फुकट नसतं. अल्पाइन क्लबच्या सदस्यत्वात बचावाचा विमा असतो, म्हणून इथल्या धावणाऱ्यांच्या पाकिटात ते कार्ड हमखास सापडतं.

साडेपाच

परतीचे शेवटचे डबे. उतरणीवर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कण्हायला होतं ते त्यामुळेच. चढायचं पायांनी आणि उतरायचं तिकिटाने, हा इथल्या कित्येकांचा शिरस्ता आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

रात्री नऊ

उजेड अजून आहे. शहरात कुणीतरी उद्याचा हवामान अंदाज बघतोय, गजर साडेचारचा लावतोय.

तुमचं कधी इन्सब्रुकला जाणं झालं तर सहलीतून एक सकाळ मोकळी मागून घ्या. निदान हुंगरबुर्गपर्यंत तरी पायी चढा. आणि त्याही पुढे जायचं असेल तर निघण्यापूर्वी शेवटच्या पाळण्याची वेळ आणि वाऱ्याचा अंदाज बघा. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं.