पद्मिनीचे इंजिन बदलताना

सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. त्यांच्या पश्चात कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ‘पद्मिनी’ पुढे कितीतरी व्यापारी घराण्यांची पहिली मोटार ठरली. पेढीच्या वसुलीपासून कुटुंबाच्या तीर्थयात्रेपर्यंत तिने सारे काही निभावले. काही घरांत ती अद्याप जपलेली आहे. मात्र तिचे इंजिन थकलेले असते.

धुराड्यातून निळसर धूर येऊ लागला, की इंजिन ऑइल जळत आहे असे समजावे. झिजलेला सिलिंडर पुन्हा बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालता येतात. पण ब्लॉकची भिंत किती वेळा कातणार? ती सोय शिल्लक असेपर्यंत मूळ इंजिनच दुरुस्त करावे, हे उत्तम. ती संपली म्हणजे मगच दुसऱ्या इंजिनाचा विचार करावा.

हा मार्ग खुद्द कंपनीनेच चोखाळला होता. १९८५ साली आलेल्या ‘११८ एनई’ या गाडीचा सांगाडा फियाट १२४ चा, तर इंजिन निसानचे, ११७१ सीसीचे. पद्मिनीचे मूळ इंजिन १०८९ सीसीचे. आकारमानातील अंतर फारसे नाही, म्हणून जुन्या मेकॅनिकांची नजर प्रथम याच इंजिनाकडे वळते.

‘बसते हो, शेठजी’ असे मेकॅनिक म्हणतो, तेव्हा ते केवळ बॉनेटखाली मावते एवढाच अर्थ घ्यावा. माउंटिंग नव्याने घडवावे लागते. क्लच व गिअरबॉक्स त्याच इंजिनाची आणावी लागते. परिणामी स्टिअरिंगलगतचा गिअरचा दांडा खाली, दोन आसनांमध्ये येतो. प्रोपेलर शाफ्टची लांबी जुळवून तो बॅलन्स करून घ्यावा लागतो, नाहीतर वेग घेताच गाडी थरथरते. रेडिएटर साफ हवा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्रेक. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. वाढलेला जोर आवरण्याचे काम त्यांच्यावरच येते. नव्या इंजिनाच्या कौतुकात ही तपासणी राहून गेली, तर घाटउतारावर सारे कुटुंब संकटात सापडेल.

दुसरी जोखीम कागदांची. एरवी बिलावाचून पै-पैचा माल न घेणारा व्यापारी भंगारबाजारात मात्र इंजिन नुसत्या शब्दावर उचलतो! ते चोरीच्या गाडीचे निघाले तर? म्हणून रीतसर पावती घ्यावी, तीवर इंजिनाचा क्रमांक लिहून घ्यावा आणि पैसे देण्यापूर्वी कॉम्प्रेशन मोजून पाहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार अशा बदलास परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. नवा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रात चढवावा लागतो. विमा कंपनीलाही कळवावे. क्रमांक जुळला नाही, तर अपघातानंतर दावा अडकण्याची भीती असते.

उतरवलेले इंजिन मात्र किलोच्या भावाने देऊ नये. ग्रीस लावून, ताडपत्रीत गुंडाळून ते गोदामात ठेवावे. उद्या घरातील एखाद्या नातवाला आजोबांची गाडी मूळ रूपात हवीशी वाटेल.