गहू सोडल्यावर उंची कशी वाढते?

नेदरलँड्समधल्या हेग शहरात मुलांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या विलेम डिके या डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून काही आजारी मुलांच्या वाढीच्या नोंदी ठेवल्या होत्या. पोट फुगलेले, हातपाय काटकुळे, जुलाब थांबत नाहीत आणि खाल्लेले अंगी लागत नाही, अशी ही मुले. आहारातून गहू काढला की त्यांच्या वजनाची रेघ वर चढे, पुन्हा दिला की घसरे. १९४४-४५च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पावच मिळेनासा झाला आणि ही मुले सुधारली, एवढीच गोष्ट सहसा सांगितली जाते. माझ्या मते शोधाचे खरे श्रेय त्या चिकाटीच्या नोंदींना आहे. १९५०मध्ये डिके यांनी आपल्या प्रबंधात हे निष्कर्ष मांडले. या मुलांना होता तो सीलिॲक आजार. त्यावर गहू, बार्ली आणि राय यांतले ग्लुटेन हे प्रथिन कायमचे वर्ज्य करणे, हाच आजही मुख्य उपचार आहे.

या आजारात ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवेसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. ते झिजून सपाट होतात. मग लोह, कॅल्शियम, जस्त, जीवनसत्त्वे नीट शोषली जात नाहीत. वाढीच्या संप्रेरकाचा निरोप हाडांपर्यंत नेणारे आयजीएफ-१ हे द्रव्यही रक्तात कमी पडते. काही मुलांना जुलाब होतच नाहीत. वर्गात सगळ्यांत बुटके राहणे किंवा लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा पंडुरोग, एवढेच दिसते, आणि निदान वर्षानुवर्षे लांबते.

ग्लुटेन थांबले की आतडे भरून येऊ लागते. आधी वजन वाढते, तेही काही महिन्यांतच. उंचीला वेळ लागतो. पहिल्या वर्षात ती झपाट्याने वाढते आणि बरीच मुले दोन-तीन वर्षांत मागे पडलेले अंतर पुष्कळसे भरून काढतात. अशा मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर हाडांचे वय खऱ्या वयापेक्षा कमी दिसते. म्हणजे वाढायला अजून वाव असतो. पण पौगंडावस्था सरताना हाडांची वाढीची टोके मिटत जातात. म्हणून चौथ्या वर्षी झालेले निदान आणि पंधराव्या वर्षी झालेले निदान यांत फार मोठा फरक पडतो. पथ्य काटेकोर पाळूनही वर्षभरात उंची हलली नाही, तर वाढीच्या संप्रेरकाची तपासणी करावी लागते.

आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ घरचेच. त्यामुळे पथ्य सोपे वाटते. ते बिघडते पिठाच्या गिरणीत. गव्हानंतर त्याच जात्यात दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ मिसळतेच. बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ असते. ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, यावरून किती थोडे पुरते ते कळावे. घरी छोटी चक्की घेणे किंवा धान्य वेगळे दळून घेणे हा हट्ट नव्हे, औषधोपचारच आहे.

मात्र मूल बुटके आहे म्हणून स्वतःच्या मनाने गहू बंद करू नये. ग्लुटेन थांबले की रक्तातली प्रतिपिंडे उतरू लागतात आणि तपासणीत आजार दिसेनासा होतो. आधी रक्ततपासणी, गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासणे, आणि मगच पथ्य.